बाल्कनी, तिसरा मजला

ब्लागोया काँक्रीटचे फोटो काढतो.
फक्त काँक्रीटचे, आणि तेही सकाळचे,
ऊन तिरकं असेपर्यंत.
तिरीप पडली की भिंतीवर उमटतात
साच्याच्या फळ्यांच्या रेषा, लाकडातल्या गाठी,
एका खिळ्याचं डोकं.
"हे बघ, इथे कुणाचा तरी हात घसरला," तो म्हणतो.
मी ट्रायपॉडचे पाय उघडते.
मी त्याच्या भाचीची मुलगी,
तासाचे पैसे ठरवून ओझं वाहणारी.

भूकंपानंतर स्कोप्ये पुन्हा ओतलं गेलं.
ओतलं. बांधलं असं तो म्हणत नाही.
तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, मिक्सरवर.
खडी, वाळू, सिमेंट, पाणी, प्रमाण अजून तोंडपाठ,
बायकोचा वाढदिवस मात्र
पाकिटातल्या चिठ्ठीवर.

जुन्या स्टेशनचं घड्याळ पाच सतरावर थांबलंय.
पर्यटक त्याचे रंगीत फोटो काढतात.
ब्लागोया त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो,
लाइट मीटर धरून, जणू कुणाची नाडी बघतोय.
"ती वेळ कुठे पळून चाललीय?
जाणारं आहे ते आधी उरकू."

जाणारं म्हणजे हे:
शहराला आता खांब बसवतायत.
पांढरे, नक्षीचे, देवळाला शोभतील असे,
आत लोखंडी सांगाडा, वर थर्माकोल, वर गिलावा.
चहाचे पेले पोचवणारा नेझीर येता-जाता
बोटाच्या पेरानं वाजवून बघतो.
टक् टक्. रिकाम्या डब्याचा आवाज.
बडं घर, पोकळ वासा.

ब्लागोया चिडत नाही. लाल फिल्टर चढवतो.
निळं आभाळ काळंभोर होतं
आणि त्यापुढे करडी भिंत
न्हाऊन उभी राहिल्यासारखी.
करडा हा एक रंग नव्हे, हे मला
त्याच्यामागून हिंडताना कळलं.
पारव्याच्या मानेचा वेगळा, शिळ्या बर्फाचा वेगळा,
आणि अर्धवट सुकलेल्या कठड्याचा
तासाभरात तीनदा बदलणारा.

आज ग्युर्गाचा ब्लॉक. परांची लागलीय,
सोमवारी खांब.
रोलमध्ये एक फ्रेम उरलेली.
त्याला इमारत रिकामी हवी असते;
माणसं हलतात, म्हणतो,
आणि त्यांच्या कपड्यांवरून साल कळतं.
आम्ही थांबलो. ऊन ढगात गेलं.
मंद फिल्म, लाल काच, बारीक छिद्र:
चार सेकंद तरी लागतील.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं,
ग्युर्गा चादर घेऊन बाहेर.
खालूनच मी हात हलवले, आत जा, आत जा.
ती ओरडली, "सोमवारपासून
माझ्या दोरीवर ऊन नाही येणार, पोरी!
आजच सगळं धुवून काढतेय."
आणि चादर झटकली.
ब्लागोयानं माझ्याकडे पाहिलं नाही.
केबल दाबली.
एक.
दोन.
तीन.
चार, जरा लांबवून.

न्हाणीघरात, पंख्याच्या दोरीला चिमट्यानं लटकवून,
आम्ही ओली निगेटिव्ह बल्बसमोर धरली.
भिंत रेष न् रेष.
परांचीचा प्रत्येक बोल्ट.
आणि मधोमध एक काळा लोळ,
ज्याला हात किती ते मोजता येईना.
"वाया गेली," मी म्हटलं.
तो साबणानं हात धूत राहिला,
बराच वेळ.

मंगळवारी प्रिंट घेऊन वर गेलो.
ग्युर्गानं चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला.
"यात मी कुठे?"
ब्लागोयानं नखानं दाखवलं: इथे, हा पांढरा धूर.
"चादर बरी आलीय," ती म्हणाली.

बाहेर बाल्कनीपुढे खांब,
दोरीवर त्याची सावली, ओले मोजे.
तिला प्रिंट पुन्हा नीट बघायची होती.
तिनं दिवा लावला.
सकाळचे दहा वाजले होते.