अर्ध्याच्या वर

काटा अठरावर हवा.
असतोही. मग चौदा, मग
ओठांवर आलेलं नाव आठवू नये तसा
सहावर येऊन थरथरत राहतो.
मिल्क नदीपासून वर येणारा चढ,
मागे गवताचे दोन गठ्ठे, बाहेर उणे बावीस,
आणि इंजिनाला धाप.

सत्त्याण्णवचा पिकअप. बाबांचा.
आता माझा, म्हणजे कागदावर.
सीटला खड्डा अजून त्यांच्याच पाठीचा आहे.

आधी फिल्टर. जुना कापून पाहिला :
मेण नाही, गाळ नाही, चिमूटभर काळं.
मग गेजवरच संशय घेतला;
दुसरं लावलं, तेही थरथरलं.
मग पंप. हॅव्हरला जाऊन आणला,
दोनशे चाळीस डॉलर.
बोटं बधिर होईतो बोल्ट आवळले, चावी फिरवली :
अठरा. अठरा. अठरा.
त्या रात्री शीळ घालत वासरं मोजली.

गुरुवारी पुन्हा सहा.

कॉलनीतून एलायस वाल्डनर आला.
काळा कोट, खिशात हातभर पारदर्शक नळी.
हटराइट माणूस; शब्द मोजून वापरतो, नटबोल्टसारखे,
उरले तर परत डब्यात.
पंपाच्या अलीकडे त्याने नळी जोडली,
टॉर्च माझ्या हातात दिला.
शेतीचं लाल डिझेल वाहू लागलं
आणि त्यात बुडबुडे,
एक, मग काहीच नाही, मग एकदम घोळका.

"पण गळत तर कुठेच नाही," मी म्हटलं.
गाडीखालचं बर्फ पांढरंशुभ्र होतं.
"ओढणाऱ्या बाजूची चीर गळत नाही.
ती हवा आत घेते."
जरा थांबून : "टाकीत किती आहे?"
पाव.
"आणि पंप बसवलास त्या दिवशी?"
शहरात गेलेच होते, तर भरून आणली होती.
त्याने हात पुसले. जणू काम झालंच होतं.

शनिवारी आठ बोल्ट काढून मागचा हौदा उचलला :
तो, त्याचे दोन पुतणे, आणि मी.
टाकीतून शोषनळी वर आली.
बरोबर मध्यावर, केसाएवढी चीर.
डिझेल त्याच्या वर असलं की चीर बुडालेली,
नळी धडधाकट.
खाली गेलं की उघडी,
मग प्रत्येक घोटाबरोबर वारा.

बाबा टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ देत नसत.
आई म्हणायची, आर्नी, तू भित्रा आहेस.
ते म्हणायचे, मोन्टानात हिवाळा आहे.
जुलैमध्येसुद्धा.

खणात त्यांची वही आहे. तारीख, मैल, गॅलन.
अकरा वर्षं, पेन्सिलीने,
आणि प्रत्येक ओळीशेवटी तोच शब्द : अर्धी.
म्हणजे माहीत होतं.
चीर कुठे आहे ते नसेल माहीत;
कुठवर खाली गेलं तरी निभतं, तेवढं होतं.
नळी बासष्ट डॉलरला मिळते.
त्यांनी अंगावर काढलं.
डाव्या दंडाचं दुखणंही तसंच काढलं,
गवताच्या गठ्ठ्यांच्या नावावर घालून,
आणि आम्ही गठ्ठे लहान बांधू लागलो.

काल पाव टाकीवर मुद्दाम तो चढ चढले.
काटा अठरावर, भिंतीत ठोकल्यासारखा.
अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं,
मी श्वास धरून बसले आहे.

एलायसने जुनी नळी भंगारात टाकायला उचलली होती.
मी मागून घेतली. खिडकीत ठेवली आहे,
अजून बोटांना डिझेलचा वास लावते.
एक टोक अंगठ्याने दाबून फुंकलं
तर मधूनच बारीक, कोरडा आवाज निघतो.
म्हातारा कुत्रा चुलीपाशी झोपलेला असतो.
मान वर करतो,
दाराकडे बघतो.