पाच मिनिटं

चिलोए बेटावरची शाळा. पिंगपाँगच्या टेबलावर
कानेलो निजलाय, जीभ एका बाजूला.
नायादेतनं दोन्ही वृषणांत लिडोकेन सोडलंय
आणि ती नुसती थांबलीय.

दारातून एलेउतेरियो : झोपलाय ना, मग कसली वाट?
बाहेर अजून अकरा कुत्री,
दोऱ्यांचा गुंता, माशांचा वास.

झोपेतही शीर ओढली की काळीज धावतं.
शिकत असताना ऐकलंय तिनं :
मॉनिटरची टिकटिक एकावर एक पडत गेलेली
आणि सर म्हणाले, चालू दे, कुत्रंच आहे.

आता चिमटा बसतो.
एकशे चार. एकशे चार. एकशे सहा.
एकशे चार.

म्हातारा टोपी चुरगाळतो.
"माझ्या हर्नियाच्या वेळी
एवढं कुणी थांबलं नव्हतं."

ती पुढची सिरिंज भरते.