पिवळा जोड

हेल्दूरने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.
"दिवा खोटारडा आहे," म्हणायचा,
आणि तेवीस वर्षांची ओपेल विल्यांदीपर्यंत नेऊन आणायचा.

उद्या तपासणी. पट्टी चालणार नाही.
लेक पिरेत बॅटरीची तार सोडते, दहा मिनिटं थांबते,
मग शेजारच्या सीटखाली हात घालते:
बुटांनी आणलेलं रस्त्यावरचं मीठ,
खोकल्याची एक गोळी,
आणि एअरबॅगचा पिवळा जोड, अर्धवट निसटलेला.

आईचे गुडघे वाकेनासे झाले
तेव्हा सीट मागे ढकलली होती, पार शेवटपर्यंत.
नंतर कुणी पुढे घेतलीच नाही.

टक्.
बॅटरी जोडून ती चावी फिरवते.
दिवा पेटतो, सहा मोजेपर्यंत राहतो,
विझतो.

हेल्दूर बोटाला पट्टी गुंडाळत बसलेला.
"सीट आहे तिथेच असू दे," म्हणतो.