पावती क्रमांक ४१७

‘गुरुवारी येतो,’ म्हणाला तो,
कुठल्या, ते मी विचारलं नाही.
पावती फाडली: गोधडी एक, जुनी. डाग, चहाचा.
रंग गेल्यास जबाबदारी गिऱ्हाइकाची.
त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

माझगावात आमचं दुकान, एवढंसं.
‘तीस दिवसांनंतर माल आमचा’, भिंतीवर पाटी.
त्या पाटीनं सूट गिळले, शालू गिळले,
एका नवरदेवाचा फेटासुद्धा.
हिला मात्र दर दिवाळीला खाली काढून
मी ऊन दाखवलं, डांबराच्या गोळ्या बदलल्या,
आणि नावं वाचली.

वीस ठिगळं. एकोणीस नावं, जिचं तिच्या हातचं.
फ्लोरी डिमेलोचं साखळीटाक्यात, तिरपं.
वत्सला पै, त्यातली ‘पै’ जागा संपली म्हणून खाली उतरलेली.
हमीदाचं उर्दूत. शेरबानूचं गुजरातीत.
एक नुसतं गोल गोल,
ते समोरच्या टायरवाल्या कुरियननं वाचून दिलं: अन्नम्मा.
इंदू सोनटक्केनं शेजारी थर्मामीटर काढलाय,
लाल दोऱ्याचा पारा, एकशेतीनवर.
आणि काठाच्या पट्टीवर:
‘रिबेका नवगावकर हिला, बोट सुटण्याआधी. १९६३.’

बोट सुटली असणार.
गोधडी इथंच.
का, ते टाके सांगत नाहीत.

यंदा दुकान विकायचं ठरलं.
संग्रहालयातल्या बाईंनी हातमोजे घालून पाहिली.
‘सुंदर,’ म्हणाल्या, ‘पण हिची कागदपत्रं?’
मी पावतीची स्थळप्रत पुढं केली.
परळच्या एका डिझायनरनं किंमत बरी सांगितली;
वीस कुशनं होतील, म्हणाला.
ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या म्हाताऱ्या कारकुनानं
वहीत तीन रिबेका शोधल्या:
एक हैफात वारली, एक कधी गेलीच नाही,
तिसरीला रक्त बघून चक्कर यायची.

मग रामदुलार आला, शेवटचा हिशेब करायला.
धोबीघाटावर तिसरी पिढी.
नावांकडे त्यानं बघितलंच नाही.
गोधडी उलटी केली, अस्तराच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला:
बिब्ब्याच्या शाईत तीन ठिपके, खाली आडवी रेघ.
मी तो डाग समजले होते,
दोनदा घासलाही होता.
‘नर्स क्वार्टर, भाभी,’ तो म्हणाला. ‘मेरे बाप का निशान है.’

इतकी वर्षं मी नावं वाचत होते
आणि पत्ता पाठीवर.

अस्तर म्हणजे इस्पितळाची चादर!
एकोणीस जणींनी मिळून ढापलेली.
भर दुकानात एकटीच हसले.

मेट्रन तरुण निघाली, बुलडाण्याकडची, करुणा वानखडे.
तिचे डोळे वगैरे भरून आले नाहीत.
कपड्यांचं रजिस्टर ओढलं,
‘परत आले’ या रकान्यात लिहिलं:
चादर, एक. शेरा: उशिरा.
‘काचेत ठेवणार?’ मी विचारलं.
‘पहिल्या वर्षी पोरी आजारी पडतात फार,’ ती म्हणाली.
‘त्या खोलीत एक खाट आहे, तिच्यावर.’
‘फाटेल.’
‘फाटू दे. टाके घालायला इथं शिकवतोच की.’

विसावं ठिगळ कोरं आहे.
सुई हातात घेतली होती मी, खरं सांगते.
पण मी तिची कोण? धुणारी.
तसंच ठेवलं.

दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात.
नव्या मुलाला स्थळप्रत दिली, मागं पत्ता लिहून:
कुणी चारशेसतरा मागायला आलं तर.
त्यानं ती काउंटरच्या काचेखाली सरकवली.
‘कधी येणारेत?’

गुरुवारी, म्हटलं.