दरपत्रक

दारसैतच्या या तिसऱ्या मजल्यावर
घर्बी वारा सुटला की
हॉलची खिडकी आधी गुणगुणते, मग शीळ घालते,
आणि सकाळी पोळपाटावर
बोटानं नाव लिहिता येईल इतकी रेती.
रबर कधीच विरून गेलंय.
मी चिकटपट्टी लावली, मग जुन्या ओढणीची वळकटी कोंबली,
मग जूनचं विजेचं बिल आलं.

पहिलं दरपत्रक ईमेलनं, लोगोसकट:
दोनशे दहा रियाल, कर वेगळा,
तळाशी बारीक अक्षरांत: प्रत्यक्ष पाहणीनंतर बदल संभवतो.
दुसरा माणूस फोनवरच म्हणाला, पासष्ट.
मापं विचारली नाहीत,
काच एकेरी की दुहेरी, तेही नाही.
शिपिंग कंपनीत एकवीस वर्षं जमाखर्च लिहिणाऱ्या बाईच्या
इतक्या स्वस्त आकड्यानं पोटात गोळा येतो.

शहादाद मात्र आधी जिना चढून आला.
वादी कबीरमध्ये दुकान, जन्म मत्राहचा,
बलुची माणूस, हिंदी माझ्यापेक्षा बरी.
चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागितलं
आणि टेप लावली. वर, मध्ये, खाली.
"तीनदा कशाला?"
"इमारत बसते, ताई.
खिडकी चौकोनी वाटते. असतेच असं नाही."
वरच्या आणि खालच्या मापात सहा मिलिमीटरचा फरक निघाला.
सोळा वर्षं या चौकटीतून बघतेय मी,
डोंगर कधी तिरका दिसला नाही.

खिडकीखालच्या कट्ट्यावरच तो पेन्सिलनं लिहीत गेला:
दुहेरी काच बावन्न,
ॲल्युमिनियम अडतीस,
रबर आणि सिलिकॉन नऊ
("इथं हात आखडलात तर बाकी सगळं वाया"),
मजुरी पंधरा,
जुनी उपसून खाली न्यायचे चार.
एकशे अठरा.
मी मनात दोनदा बेरीज केली.
"जुनं ॲल्युमिनियम तुम्हीच नेणार ना? मोडीचे तीन वजा करा."
तो हसला आणि आकडा खोडला.

मालकाच्या कारकुनाला फोन लावला.
म्हणाला, भिंत आमची, खिडकी तुमची.
(सोडून जाताना खिडकीही भिंतीचीच.
कलम अकरा.)

"टिकेल किती?"
"पंधरा वर्षं. दहाव्या वर्षी रबर बघायला लागेल,
तेव्हा बोलवा."
किती सहज म्हणाला.
माझ्या कार्डावर उरलेत चौदा महिने.
दर दोन वर्षांनी नवं होतं, आजवर झालं,
पण पंधराचा आकडा इथं कुणी माझ्यापुढं
असा ठेवला नव्हता,
बशीतल्या खजुरासारखा.

रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले.
एकशे पंधरा भागिले चौदा:
महिन्याला आठ रियाल दोनशे चौदा बैसे.
एकशे पंधरा भागिले एकशे ऐंशी:
सहाशे एकोणचाळीस बैसे, एका चहा-पराठ्याचे पैसे.
खिडकी तीच.
रेघेखाली कुठला आकडा लिहायचा, एवढंच.
जयसिंग कूस बदलत म्हणाला,
हल्ली चिकटपट्टी पण चांगली मिळते.

गुरुवारी शहादाद आला, बरोबर रुबेल,
नोआखालीचा, मिसरूडही धड न फुटलेला,
त्यानं काच जिन्यावरून चढवली
वळणावर कुठंही न टेकवता.
जुनी चौकट निघाली
आणि वीसेक मिनिटं घराला नुसतं भगदाड.
ऊन थेट सोफ्यावर. खालच्या गॅरेजातली ठोकाठोकी,
कुणाच्या तरी फोडणीचा ठसका,
आणि डोंगर, उघडा, तपकिरी,
वाटला होता त्याहून कितीतरी जवळ.
जयसिंग हातातला कप विसरून उभा.

नवी बसली. शहादादनं एका बोटानं सरकवून दाखवली.
ती मिटली
आणि स्वयंपाकघरातला फ्रीज
ऐकू यायला लागला.

पैसे मोजून दिले.
रुबेल ओलं फडकं घेऊन
कट्ट्यावरची पेन्सिल पुसायला वाकला.
राहू दे रे, म्हटलं.
तेव्हा शहादादनं बेरजेखाली
आपला नंबर लिहिला, आणि पुढं एक साल,
रबर बघायचं.
मी चष्मा लावला नव्हता.
लावलाही नाही.