तीस सेंटिमीटर

पारवाडच्या वाटेला लागलं की
ऊन सुट्ट्या पैशांसारखं मिळतं, मोजून.
वर जांभूळ, हिरडा, नाणा,
उजेड त्यांनी आधीच वाटून घेतलेला.
खाली, उरल्यासुरल्यावर, अंजनी.

बसलिंग वॉचरनं फीत आणलीय,
दुसरं टोक धरायला मी, तीनशे रुपये रोजावर.
तीस सेंटिमीटरच्या आतलं खोड वहीत जात नाही.
हिच्याभोवती फीत फिरते: सव्वीस.
"बिडू," म्हणतो बसलिंग, आणि सोडून देतो.

"काय मोजालास, आणि काय टाकालास?"
सातेरीकाका मागून विचारतो.
त्याच्या बापानं हीच तोडली होती, कुऱ्हाडीच्या दांड्याला.
तीन पाती झिजली, दांडा अजून तोच.
खरं बापाला जाऊन चोवीस वर्षं झाली.
बुडख्याला तेव्हा पाच धुमारे फुटले;
दोन गव्यानं खाल्ले, एक उगाच वाळला,
उरलेली ही दोन खोडं, वाकडी,
उजेड जिथं हलला तिथं हललेली.

गेल्या साली फुललीच नाही.
यंदा, पानं गळून गेलेल्या जुन्या गाठींतून
उघड्या लाकडावरच निळं फुटलंय,
शेवाळासारखं दाट, अंगभर.
भुंगा नुसता बसला तर त्याला काही मिळत नाही;
फुलाला कवटाळून सगळं अंग थरथरवायचं,
तेव्हा चिमूटभर पराग सुटतो.
तो आवाज मी फितीत ऐकला,
हातातल्या टोकापर्यंत आला होता.

संध्याकाळी हे सगळं खाली.
मग हिरवी, मग गुलाबी, मग काळी फळं,
बुलबुल नेतील तिथं बी.
त्या बीला धीर नाही,
ओली सावली लगेच मिळाली तर रुजतं, नाहीतर मेलं.
आणि रुजल्यावर मात्र घाई अशी नाहीच.
"पाय काढ," काका बसलिंगला म्हणतो.
बुटाशेजारी चार पानांचं रोप.
"यंदाचं?"
"छे. सहा वर्षांचं असेल."

बसलिंग बूट उचलतो, कुठं ठेवावा कळेना.
एका पायावर उभा, हातात वही उघडी,
'शेरा'च्या रिकाम्या रकान्यात निळे केसर पडलेले.
फुंकर मारायला तोंड पुढं करतो,
मग वही तशीच मिटतो.

खानापूरच्या ऑफिसात उघडेल तेव्हा
काळा डाग असेल फक्त.
हा रंग टिकणारा नव्हं.