दोनशे तीस

चोपड्यात, बसस्टँडमागच्या बोळीत
माझं दुकान : एक टेबल, चार बिजागऱ्या,
भिंतीला टेकलेल्या चौकटी,
प्रत्येकीच्या कडेला खडूनं आकडा.

झिपरू बाविस्कर फोटो घेऊन आला.
नव्वद सालच्या दहावीचे एकोणचाळीस जण,
तेवढे शर्ट, छातीवर देवरे सर.
पीटीचे. गेल्या पोळ्याला गेले.

पहिला नमुना मी एकशेवीसवर काढला.
शाई सरसर उतरली, कडा ठाम.
झिपरूनं शर्ट उन्हात धरला, बराच वेळ.
"आम्हना सर असा गुयगुयीत नही व्हतात, भो."

खरंच. फोटोत डाव्या गालावर
देवीचे वण होते,
कणकेत ज्वारीचे दाणे दाबून काढून घ्यावेत तसे.
जाड जाळीनं ते बुजवून टाकले,
लग्नाचा अल्बमवाला बुजवतो तसे,
न विचारता.

हबीबभाई मन्यार, ज्यांच्या हाताखाली मी शिकले,
बांगड्या सोडून शाईत आलेले,
ताणलेली जाळी टिचकी मारून ऐकायचे.
म्हणायचे, इंचात धागे जास्त तर चेहरा येतो,
पण मे महिन्यात शाई तिच्या घशातच वाळते.

तरी तीनशे पाच काढली. पिवळी;
पांढरी उजेड इकडेतिकडे सांडते.
फिल्म बावीस अंश तिरपी,
नाहीतर गालावर लहरी उठतात.
वण आले. सगळे. भुवईतला पांढरा केससुद्धा.
आणि चौथ्या शर्टाला उजवा डोळा गेला.
बाहेर पंचेचाळीस. पंखा बंद केला,
गोणपाट भिजवून दाराला लावलं,
जाळीवर पाणी फवारलं.
सातव्याला नाक.

मग दोनशे तीस.
रात्री अकरानंतर, पत्रा निवल्यावर.
नवी फिल्म, ठिपके थोडे मोठे.
पहिली ओढ ओढली आणि मोजले :
फोटोत वण बारा,
शर्टावर नऊ.
कुठले तीन सोडायचे ते मी नाही ठरवलं.

पहाटे झिपरू आला.
दोरीवरचा शेवटचा शर्ट ओलाच होता.
काही बोलला नाही,
अंगठा सरांच्या गालावरून फिरवला.

"अरे, सुकू तर दे!"

गालापासून कानापर्यंत काळी रेघ.
म्हटलं, राहू दे, दुसरा काढून देते.
त्यानं शर्ट दोरीवरून उतरवला,
घडी न घालता हातावर टाकला.
"हाऊच मना."